जुन्या फरशीवर नवी टाइल बसवताना कमोडच्या फ्लँजचे काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, नागपुरातील फ्लॅटच्या बाथरूममधली जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी टाइल बसवायची असल्यास कमोडखालचा फ्लँज (मलवाहिनीच्या तोंडावरची, कमोड जिच्यावर बसतो ती कडी) जागेवर ठेवून त्याच्याभोवती टाइल कापावी की तो काढून घ्यावा. मिस्त्री त्याला हात लावू नका, फट व्हाइट सिमेंटने भरून घेऊ, असे म्हणत आहेत. मी याच शहरात घरदुरुस्तीची कामे घेतो आणि या बाबतीत माझे मत ठाम आहे. फ्लँज काढावा, टाइल पूर्ण बसवून घ्यावी आणि मगच तो तयार फरशीवर टेकवून स्क्रूने आवळावा.

कमोड आणि फ्लँज यांच्यामध्ये मेणाचे किंवा रबराचे सील असते आणि ते नीट दाबले गेले तरच सांधा बंद होतो. त्यासाठी फ्लँजची कड फरशीपेक्षा साधारण ६ मिलिमीटर वर असावी लागते. नवी टाइल ८ ते १० मिलिमीटर जाडीची आणि तिच्याखालचा अॅडेसिव्हचा थर ३ ते ६ मिलिमीटरचा धरला, तर फरशी ११ ते १६ मिलिमीटर वर येते. म्हणजेच जागेवर ठेवलेला फ्लँज खड्ड्यात जातो, सील अर्धवट दाबले जाते आणि फ्लश केल्यावर थोडे थोडे पाणी टाइलखाली झिरपू लागते. तुमच्या घरात काहीच दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्या छताला मात्र ओल येते. व्हाइट सिमेंट हा यावरचा उपाय नव्हे. ते वाळल्यावर कडक होते, कमोड किंचित हलला तरी त्याला बारीक तडा जातो, आणि पुढे कधी कमोड काढायची वेळ आली तर भांडे फुटण्याची भीती असते ती वेगळीच.

काम सुरू करताना अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करून टाकी रिकामी करावी, भांड्यातले उरलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे आणि कमोड काढल्याबरोबर पाइपच्या तोंडात बोळा कोंबावा. हा बोळा जाड सुती कापडाचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असावा आणि त्याचे एक टोक सुतळीने बाहेर बांधून ठेवावे. त्याने दुर्गंधी अडते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाइलचे तुकडे आणि अॅडेसिव्हचे गोळे पाइपात पडत नाहीत. आत पडलेला माल वळणावर घट्ट बसला, तर तो काढण्यासाठी पुन्हा तोडफोड करावी लागते.

टाइलला भोक किती मोठे पाडायचे, हे मिस्त्रीवर सोडू नये. आपल्याकडे मलवाहिनीचा पाइप बहुधा ११० मिलिमीटरचा असतो. भोक त्याहून १०-१५ मिलिमीटर मोठे, पण फ्लँजच्या बाहेरच्या कडेपेक्षा बरेच लहान हवे, म्हणजे फ्लँज सगळीकडून टाइलवर भक्कम टेकतो आणि स्क्रू टाइलच्या तुटक्या कडेत जात नाहीत. स्क्रूची भोके पाडताना आधी डायमंड बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) न लावता, टाइल पार करावी आणि खाली काँक्रीट लागल्यावरच हॅमर चालू करावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि भोकात सिलिकॉन भरून मगच आवळावेत.

फ्लँज पाइपला सॉल्व्हेंट सिमेंटने (प्लास्टिकचे पाइप जोडायच्या चिकटद्रव्याने) पक्का चिकटवलेला असेल, तर तो ओढून निघणार नाही. अशा वेळी पाइप आतून कापून नवा फ्लँज बसवणे उत्तम. ते शक्य नसेल, तर फ्लँजवर बसणाऱ्या उंची वाढवणाऱ्या रिंगा, प्रत्येक थरात सिलिकॉन लावून, रचाव्यात. एकावर एक दोन मेणाची सील ठेवण्याचा मार्ग मात्र मी टाळतो, कारण त्यांतले वरचे सील सरकू शकते.

आपल्या बाथरूममध्ये आंघोळीची जागा आणि कमोड बहुतेकदा एकाच फरशीवर असतात आणि फरशीला नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे) उतार असतो. हा उतार कमोडखालून नेऊ नये; तेवढी जागा पाणसळ लावून सपाट ठेवावी आणि तिच्या पुढून उतार सुरू करावा. भिंतीच्या टाइलही बदलणार असाल, तर पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर तयार भिंतीपासून मोजावे, विटांपासून नव्हे. भिंतीवर थर चढला की हे अंतर तितकेच कमी होते आणि कमोडची टाकी भिंतीला अडते.

काम उन्हाळ्यात असेल, तर अॅडेसिव्ह थोडे थोडे कालवावे आणि सकाळीच लावावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या हवेत पसरलेल्या थरावर लवकर साय धरते आणि टाइल वरवर बसल्यासारखी वाटली तरी पकड घेत नाही. मेणाचे सीलही अशा दिवसांत मऊ पडते, म्हणून मी रबराचे पसंत करतो.

शेवटी कमोड आधी सीलशिवाय ठेवून डुगडुगतो का ते पाहावे आणि तसे असल्यास प्लास्टिकच्या पाचरी लावाव्यात. सील ठेवून बोल्ट आवळताना एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे फिरवावे. जोर जास्त झाला तर भांड्याला तडा जातो. बुडाभोवती सिलिकॉन भरताना मागच्या बाजूला दोन-तीन बोटांची फट मोकळी सोडावी, म्हणजे कधी सील निकामी झालेच, तर पाणी आधी तुमच्या डोळ्यांसमोर येईल.