बेंजोच्या गाडीवरचा इन्व्हर्टर आणि ऑक्टापॅडची घूंऽऽ

प्रश्न : आमचं बेंजो पथक आहे. गणपतीत हातगाडीवर १२ व्होल्टची बॅटरी आणि स्वस्तातला इन्व्हर्टर ठेवून ऑक्टापॅड, कीबोर्ड, मिक्सर चालवतो. घरी सगळं साफ वाजतं पण गाडीवर स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतं, अ‍ॅडॉप्टर हात लावू देत नाही इतका तापतो, मागच्या विसर्जनाला एक जळाला पण. मीटर १८० व्होल्टच दाखवतो. रिपेरिंगवाला म्हणतो आतला प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून वाढवून देतो. देऊ का?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : अजिबात नका देऊ दादा. तुमचा इन्व्हर्टर बहुतेक बरोबर आहे, मीटर फसतोय. घरच्या २३० व्होल्टच्या लाईनची लाट गोल चढते, गोल उतरते, तिचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. स्वस्त इन्व्हर्टर तेच काम पायऱ्या-पायऱ्यांनी करतो, खाडकन वर, मग शून्य, मग खाडकन खाली, सेकंदाला ५० वेळा. साधा मीटर गोल लाटेच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्यामुळे आत खरे २३० असले तरी १८० च्या आसपास दाखवू शकतो. ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे लाट कशीही असली तरी खरं व्होल्टेज दाखवणारा, लावून बघा. प्रीसेट फिरवून साध्या मीटरवर २३० आणले तर खरं व्होल्टेज बरंच वर गेलेलं असेल आणि उरलेले अ‍ॅडॉप्टर पण जातील.

ती घूंऽऽ त्या खाडकन चढण्यातूनच येते. जुना वजनदार अ‍ॅडॉप्टर, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला, ह्या लाटेवर स्वतःच गुणगुणतो आणि तापतो. मी असाच एक जळलेला उघडला होता, आतली पिवळी टेप काळी पडलेली आणि वार्निशचा करपट वास दोन दिवस टेबलावरून गेला नाही.

मुळात १२ चे २३० करायचे आणि अ‍ॅडॉप्टरने परत ९ करायचे, दोन्हीकडे बॅटरी फुकट जाते. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचे १२ व्होल्ट मध्ये २३० न करता सरळ ९ करणारा) घ्या आणि ऑक्टापॅडला थेट द्या. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत आणि पिनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, नक्की बघा, काही कंपन्यांत मधली पिन मायनस असते काहींत प्लस, उलटी लागली तर वाद्य गेलं. कीबोर्ड १२ व्होल्टचा असला तरी थेट बॅटरीला नको, बॅटरी भरलेली असताना १२.७ आणि उतरत आली की ११ कडे येते, बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा, तो बॅटरी वर-खाली झाली तरी १२ च देतो. एकाच बॅटरीवर सगळं जोडून थोडी गुणगुण राहिलीच तर आयसोलेटेड कन्व्हर्टर (ज्यात बॅटरीची बाजू आणि वाद्याची बाजू आतून जोडलेल्या नसतात) घ्या, महाग पडतो पण फरक कानाला कळतो.

मिक्सरचं वेगळं आहे. त्याचा अ‍ॅडॉप्टर उलटा करून बघा, आऊटपुटपुढे एसी लिहिलं असेल किंवा मिक्सरला सरळ २३० ची वायर असेल तर त्याच्यापुरता छोटा प्युअर साईन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे घरच्या लाईनसारखी गोल लाट देणारा, घ्यावाच लागेल. तो गाडीवर उंच, कोरड्या जागी बांधा, पावसात भिजलेली गाडी आणि २३० व्होल्ट, त्यात पोरं अनवाणी, मला ह्याचीच जास्त काळजी वाटते. आणि बॅटरीच्या प्लसला, टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज टाका.