एकट्याने स्पिती : आधी किन्नौर, मग कुंझुम

प्रश्न : सह्याद्रीत बरीच वर्षे भटकंती केली आहे. येत्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या छोट्या मोटारीने एकट्यानेच हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाऊन, तंबूत मुक्काम करत, जमेल तिथे पायी हिंडावे असा विचार आहे. मनालीहून पहिल्याच दिवशी चंद्रताल हे तळे गाठता येते असे कळले. हा बेत योग्य आहे का, आणि तंबू कुठेही टाकता येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : महिना आपण उत्तम निवडला आहे, पण मनालीहून पहिल्याच दिवशी चंद्रतालला कृपया जाऊ नका. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे आणि चंद्रताल 4,250 मीटरच्या आसपास. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाटही टळतो, त्यामुळे शरीराला सवय होण्याआधीच माणूस तिथे पोहोचतो. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर उंच आहे. सह्याद्रीत कमावलेला दम कितीही दांडगा असला तरी विरळ हवेची ओळख तिथे होत नाही आणि उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही सोडत नाही.

आपण शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे आत जावे आणि परतताना कुंझुम खिंडीतून, चंद्रताल करून, मनालीला उतरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कल्पा तीन हजार मीटरच्या किंचित खाली आहे. तिथे दोन रात्री काढाव्यात. पुढे नाको उंचावर लागते, पण तिथे न राहता ताबोला उतरून झोपावे. तीन हजार मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, हा डॉक्टरांचा रुळलेला ठोकताळा आहे. ताबोहून धनकरला जाऊन तिथल्या गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) वरच्या तळ्यापर्यंत पायी चढावे आणि रात्री पुन्हा ताबोला यावे. काझा आणि त्याच्या वरची लांगझा, कोमिक ही गावे त्यानंतर. लांगझाच्या उतारावर शाळिग्रामासारखे शंखाश्म दिसतात. ते पाहावेत, उचलू नयेत.

एकट्याच्या प्रवासातला मोठा धोका असा की उंचीचा त्रास वाढला की विचारशक्तीच मंदावते, आणि ‘तुमचे आज काही ठीक दिसत नाही’ असे सांगणारे शेजारी कोणी नसते. म्हणून निर्णय घरीच कागदावर लिहून गाडीत समोर चिकटवावेत : डोकेदुखी किंवा मळमळ असेल तर वर जायचे नाही, सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली तर तत्काळ खाली उतरायचे, आणि तेही स्वतः गाडी न चालवता, गावकऱ्यांची मदत घेऊन. जिथे मुक्काम असेल तिथल्या लोकांना रोज निघताना आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, कारण मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते.

तंबू कुठेही टाकता येत नाही. चंद्रतालच्या काठावर मुक्कामाला मनाई आहे. राहण्याचे तळ तळ्यापासून काही अंतरावर आहेत. गावाजवळ मोकळी दिसणारी जमीन बहुधा कुणाच्या चराईची असते, तेव्हा विचारूनच उतरावे. कोरडा दिसला तरी नाल्याच्या पात्रात आणि घसरत्या दगडांच्या उताराखाली तंबू नको. शेकोटीही नको, त्या उघड्याबोडक्या मुलखात लाकूड आणि शेणी हिवाळ्यासाठी जपलेल्या असतात. चार हजार मीटरवर पाणी 86-87 अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात कच्चा राहतो. लहान कुकर न्यावा. बंद तंबूत किंवा गाडीत स्टोव्ह मात्र कधीही पेटवू नये, कारण त्याच्या विषारी वायूला वास नसतो.

इंधनाची टाकी रेकाँग पिओच्या परिसरात आणि पुन्हा काझाला पूर्ण भरावी. परतीच्या वाटेवर बातल ते छत्रू या टप्प्यात रस्त्यावरून नाले वाहतात. उन्हाने बर्फ वितळू लागला की दुपारनंतर त्यांचे पाणी चढते. चंद्रतालहून पहाटेच निघावे, आणि छोट्या मोटारीने नाला ओलांडण्यापूर्वी समोरून दुसरी गाडी पार होईपर्यंत थांबून पाण्याची खोली पाहावी.