दुर्गम बेटावर जमीन घेण्यापूर्वी

दुर्गम बेटावर जमीन घेऊन चार खोल्यांचे अतिथिगृह बांधण्याचा तुमचा उत्साह मी समजू शकतो. तरीही पहिल्याच भेटीत कोणत्याही कागदावर सही करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. उष्ण कटिबंधातील अनेक बेटांवर जमीन विकत मिळतच नाही. दक्षिण प्रशांत महासागरातील व्हानुआटू या द्वीपदेशाच्या राज्यघटनेनुसार सर्व जमीन परंपरागत स्थानिक मालकांची व त्यांच्या वंशजांची आहे, त्यामुळे परदेशी माणसाला ती केवळ भाडेपट्ट्याने, तीही जास्तीत जास्त ७५ वर्षांसाठी मिळते. फिजीतही बहुतांश जमीन सामुदायिक मालकीची आहे. म्हणून गावातील एकाच माणसाचा होकार पुरेसा मानू नका. ज्या ज्या कुटुंबांचा हक्क आहे, त्या सर्वांशी बोला आणि समोरच्या पक्षाशी संबंध नसलेला वकील स्वतः नेमा.

पाण्याची चौकशी जमिनीइतक्याच गांभीर्याने करा. सखल प्रवाळ बेटांवर पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थरात तरंगत असते, आणि उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात. मग तुमच्या चार खोल्यांच्या अतिथिगृहापायी सारे गाव तहानलेले राहू शकते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पावसाच्या पाण्याची टाकी आधी, बांधकाम नंतर.

दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. हवामानाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवून त्याच दिवसांत तिथे काही आठवडे राहा. बोट किती दिवस येत नाही आणि आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेतात, हे तेव्हाच कळते.