'आपल्यातला असावा' : पात्रता की अट?

जळगावच्या एका वाचकाने विचारले आहे : हिशेबनिसाच्या जागेसाठी आलेल्या जाहिरातीत 'पात्रता' या मथळ्याखाली 'बी.कॉम., टॅली आवश्यक, आपल्यातला असावा' असे छापले होते. इथे 'पात्रता' हा शब्द योग्य आहे का? आणि याला 'भेदभाव' म्हणता येईल का?

माझ्या मते 'पात्रता' इथे साफ चुकीचा आहे. पात्र म्हणजे भांडे. त्यात काय आणि किती मावते, यावरून योग्यतेचा अर्थ आला. पात्रता उमेदवाराच्या अंगी असते आणि कामावर पारखता येते. टॅली येते की नाही हे संगणकापुढे बसवले की कळते. धर्म किंवा जात कळल्याने खतावणी जुळत नाही. 'आपल्यातला असावा' ही मालकाने घातलेली अट आहे. अट म्हटली की 'का?' असे विचारता येते. तिला पात्रता म्हटले, की मालकाला जाब विचारायचा राहतो आणि नाकारलेला माणूसच अपात्र ठरतो. याचा मला खरोखर राग येतो.

'आपल्यातला' हा शब्दही नीट पाहा. मराठीत 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेते, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवते. अहिराणीतही 'आपला' आणि 'आमना' वेगळे. जाहिरात वाचणार सगळे. मग 'आमच्यातला' लिहायला हवे होते. पण तसे लिहिले तर 'आम्ही' कोण, हे सांगावे लागते. 'तुले काय येस?' (तुला काय येते?) आणि 'तू कोना?' (तू कोणाचा?) हे दोन प्रश्न आपल्याकडे कोणी एक समजत नाही. जाहिरातीत मात्र ते एकाच ओळीत बसवले आहेत.

आता 'भेदभाव'. भेद म्हणजे फरक, आणि प्रत्येक फरक अन्यायाचा नसतो. पुजाऱ्याला त्या संप्रदायाची उपासना यायला हवी, कारण कामच ते आहे. घटनेच्या १६व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास यांवरून अपात्र ठरवणे आणि भेदभाव करणे, दोन्हींना मनाई केली आहे. त्यातच पाचव्या खंडात धार्मिक संस्थेच्या कारभाराशी निगडित पदासाठी धर्माची अट घालणाऱ्या कायद्याला वाव ठेवला आहे. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात अशी अट घालणाऱ्याला, कामाला तिची गरज आहे, हे दाखवावे लागते.

भुसावळच्या रेल्वेत अशी जाहिरात निघू शकणार नाही. खासगी पेढीवर मात्र १६वा अनुच्छेद लागू होत नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६च्या समान वेतन कायद्याने मनाई केली. धर्मासाठी खासगी नोकरभरतीला लागू असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. तरी मराठीत याला भेदभावच म्हणायचे. शब्दाचा अर्थ कलमाची वाट पाहत नाही.

जाहिरात लिहिताना 'पात्रता'खाली फक्त शिक्षण, अनुभव आणि कौशल्य लिहावे. बाकी जे काही असेल ते 'अट' म्हणून वेगळ्या ओळीत, कारणासह.