सूर-ताल शंकासमाधान: क्लावे उलटा बसला की गाणं लंगडतं

प्रश्न: आमच्या बँडचा मराठी-गुजराती गाण्यांचा अल्बम तयार होतोय. दोन गाण्यांना सोन या क्यूबन नाच-गाण्याच्या प्रकाराचा ठेका आहे. क्लावे, म्हणजे दोन लाकडी काड्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा साचा, मेट्रोनोमवर बिनचूक पडतो, तबलाही लयीत आहे, तरी एक गाणं मध्येच लंगडायला लागतं. असं का?
– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: लय सुटलेली नाही, क्लावेची बाजू उलटली आहे. केरव्याची दोन आवर्तनं सलग मांडा, म्हणजे १६ मात्रा होतील. ३-२ सोन क्लावेचे ठोके १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर येतात. पहिल्या आवर्तनात तीन ठोके ओढ लावतात, दुसऱ्यातले दोन तिला उत्तर देतात. २-३ मध्ये आवर्तनांची अदलाबदल होते आणि ठोके ३, ५, ९, १२, १५ वर जातात. यातली कुठली मांडणी घ्यायची हे ड्रमरनं नव्हे, चालीनं ठरवायचं. मुखडा नुसता म्हणत दोन्ही क्लावे टाळीनं देऊन बघा. शब्दांचे जोर ज्या आवर्तनात ४ आणि ७ वर आपसूक पडतात, ती तीनची बाजू.

सुरुवात नीट आणि गाणं मध्येच बिघडतं, याचा अर्थ कुठेतरी एक आवर्तन जास्तीचं शिरलंय. नव्वद टक्के शंका तिहाईवर घ्यावी! तबलजी अंतऱ्याआधी एका आवर्तनाची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घेतो, सम बरोबर येते, सगळे खूश. पण तिथून पुढे चाल तीनच्या बाजूवर आणि क्लावे दोनच्या, असा उभा दावा सुरू होतो. क्लावे मध्येच थांबवून फिरवू नका. तिहाई दोन आवर्तनांची करा, नाहीतर त्या जागी बासरीला एक आवर्तन आणखी द्या. आणखी एक बघा: तिसरा ठोका ७ ऐवजी ८ वर पडत असेल तर तो रुंबा क्लावे. एकानं सोन आणि दुसऱ्यानं रुंबा धरला तरी असाच गोंधळ होतो.

क्लावेच्या काड्या नसतील तर शिसवी दांडियाची जोडी चालते. घुंगरू लावलेली किंवा पोकळ धातूची नको. एक काडी आवळून न धरता, ओंजळीसारख्या वाकवलेल्या तळहातावर अलगद ठेवा, खाली पोकळी राहू द्या आणि दुसरीनं मधोमध मारा. मूठ आवळली की आवाज मेला.

प्रश्न: बेस गिटार आणि डग्गा एकमेकांत गडगडतात. मिक्सिंगमध्ये काय करावं?
– मांजलपूर, वडोदरा

उत्तर: मिक्सिंगच्या आधी बेसची जागा बदला. तुंबाओ या क्यूबन बेसच्या चालीत बेस आठांपैकी ४ आणि ७ या मात्रांवर वाजतो आणि सम रिकामी सोडतो. ७ वरचा सूर पुढच्या आवर्तनाच्या कॉर्डचा असतो, तो समेवरून लांबत जातो. आपल्याकडच्या वादकाचा हात समेवर पडल्याशिवाय राहत नाही, आणि डग्ग्याचा ‘धा’ही तिथेच. मग गडगडणार नाही तर काय होणार? मिनिटाला ८० च्या लयीला आधी फक्त ७ चा सूर वाजवायचा सराव करा, तो पक्का झाला की ४ चा मिळवा. सम डग्ग्याला बहाल करून टाका.

एवढं करूनही गढूळ वाटलं तर डग्ग्याचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा. घिस्सा मारताना, म्हणजे मनगट कातड्यावर दाबत सरकवताना, त्याचा सूर वर-खाली सरकतो आणि बेसच्या अंगावर जातो, म्हणून संथ गाण्यात मींड कमी ठेवा. तबला गाण्याच्या षड्जाला मिळवाच. कोंगा (हातानं वाजवायचा उंच क्यूबन ढोल) असेल तर त्याचाही सूर बघा: कोंगाचा मोकळा ठोका तबल्यापेक्षा अर्धा सूर वर-खाली राहिला तर दोन्ही बेसूर वाटतात. कोंगाचा माईक कातड्यापासून १५-२० सेंटिमीटर वर धरा. कोंगाचं कातडं पावसाळ्यात उतरतं आणि मे महिन्यात ताणून फाटायला येतं, म्हणून वाजवून झाल्यावर सगळे बोल्ट सारखेच सैल करून ठेवा.

प्रश्न: लॉस एंजलिसचे लॉस लोबोस, ओझोमात्ली हे बँड स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत गातात. आम्ही एका कडव्यात मराठी-गुजराती मिसळलं की ऐकणारे गोंधळतात. भाषा कुठे बदलावी?
– रावपुरा, वडोदरा

उत्तर: सोनमधूनच पुढे आलेल्या साल्साची युक्ती वापरा. गाण्याच्या उत्तरार्धात कोरस एकच ठरलेली ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि मधल्या जागेत मुख्य गायक नवं काहीतरी टाकतो. पोवाड्यातले झीलकरी हेच करतात. झील चार आवर्तनांची आणि एकाच भाषेत ठेवा. भाषा बदलायची ती शाहिरानं. ओळीच्या पोटात बदल हवाच असेल तर यमकाचा शब्द दोन्हीकडे चालणारा घ्या: पाणी, वाणी, राणी, रात.

लांबणाऱ्या सुरावर दीर्घ स्वर लागतो. स्पॅनिश शब्द बहुधा स्वरानं संपतात, त्यामुळे तिथे हे सहज जमतं. ‘घरात’, ‘येतोस’ यांचं शेवटचं अक्षर ७ व्या मात्रेवर आलं की तोंड मिटतं आणि सूर समेपर्यंत पोचत नाही. तिथे ‘घरी’, ‘येना’ असं काही बसवा.

प्रश्न: हिंच गरब्यावर क्लावे चालेल का?
– कारेलीबाग, वडोदरा

उत्तर: सोन क्लावे नाही. हिंच सहा मात्रांची, तिच्यावर सोळाचं गणित लादलं की नाचणाऱ्यांचे पाय अडकतात. दोन आवर्तनांच्या १२ मात्रा धरून आफ्रो-क्यूबन घंटेचे ठोके द्या: १, ३, ५, ६, ८, १०, १२. काउबेल (काडीनं वाजवायची धातूची घंटा) नसेल तर जाड पितळी घंटी हातात दाबून धरा, तिची आस रेंगाळता कामा नये. ५-६ ची जोडी घाईत पुढे सरकते आणि १२ नंतरचा १ समेआधीच पडतो. हात बसेपर्यंत गरब्याच्या निम्म्या लयीत, पायानं १, ४, ७, १० धरून वाजवा.