साइटवर अभिप्राय मागताना

भाऊ, केळी वेफर्सची साइट सुरू केलीस ते बरं केलंस, पण 'आमची साइट कशी वाटली?' असं विचारू नकोस. उत्तर ठरलेलं: 'छान'. त्या 'छान'चं काय करणार?

एका वेळी एकच प्रश्न, तोही काम झाल्यावर. ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पानावर विचार, 'ऑर्डर देताना कुठे अडलात?' खाली मोकळी चौकट. पान उघडताक्षणी पॉप-अप (पानावर आपोआप उघडणारी चौकट) टाकलास तर लोक वाचण्याआधीच फुली दाबतात. मोबाइलवर तर ती फुलीही बोटाला सापडत नाही. न घेता परत जाणाऱ्याचं म्हणणं जास्त मोलाचं, म्हणून कार्टच्या पानावरही एक ओळ ठेव: 'काय हवं होतं, जे मिळालं नाही?'

नाव-नंबराची सक्ती केलीस की खोटे नंबर येतात. त्याऐवजी पानाचा पत्ता, ब्राउझर, मोबाइल की संगणक आणि वेळ फॉर्मसोबत आपोआप साठव (तसं फॉर्मखाली सांगही). नाहीतर 'पेमेंट होत नाही' या तक्रारीचं मूळ सापडत नाही. कोणी अहिराणीत लिहील, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी, लिहू दे.

लोकांनी दिलेल्या ताऱ्यांची (रेटिंगची) सरासरी काढत बसू नकोस. आठवड्यातून एकदा उत्तरं एक्सेलसारख्या शीटमध्ये घे, प्रत्येक उत्तरापुढे डिलिव्हरी, पेमेंट, भाव अशी खूण कर. तीच अडचण तीन जणांनी लिहिली की आधी ती बघ.

आणि चोपडा, शिरपूरकडच्या पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर ऑर्डर द्यायला सांग. तू शेजारी गप्प बस. 'तिथे दाब' म्हणालास की चाचणी वाया गेली.