मशीन ‘पकडतं’ की ‘पकडतं म्हणे’?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. आमच्या मालकांनी कापडातले डिफेक्ट शोधणाऱ्या एआय कॅमेऱ्याचा डेमो बघितला आणि मला म्हणले चार पानी रिपोर्ट लिही, मराठीतच लिही, पार्टनर लोकांना वाचायचाय. लिहिला मी, तर आता म्हणायलेत, ‘हे काय सरकारी पत्र लिहिलीस की काय, कायच कळंना.’ मग मोबाईलवरच्या एआयला म्हणलं वाक्यं जरा नीट करून दे, तर त्यानं अजून जड करून दिली. तीन वाक्यं पाठवते, जरा हात फिरवून द्या ना.
१) आजच्या आधुनिक युगात तंत्रज्ञानाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झालेले आहे.
२) सदर प्रणालीच्या माध्यमातून वस्त्रातील दोषांचे स्वयंचलित पद्धतीने अन्वेषण करण्यात येऊन गुणवत्तेची सुनिश्चिती केली जाते.
३) या तंत्रज्ञानाची अचूकता ९८ टक्के असून यामुळे मानवी चुका शून्यावर येतील.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचून आधी मला मागांचा खडखडाटच ऐकू आला, माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, लहानपणी लाईट गेली की त्या शांततेनं झोपमोड व्हायची आमची. असो.

पहिलं वाक्य काढून टाक. सुधारू नको, काढूनच टाक. ते कुठल्याही रिपोर्टला चालतं, दहावीच्या निबंधालाही चालतं, म्हणजे तुझ्या रिपोर्टचं ते नाहीच. अगदी प्रस्तावना हवीच असेल तर तुमच्याच धंद्यातली घे की, फ्रान्समध्ये जाकार्डनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं, नक्षी विणायचं मागाचं यंत्र आणलं, आणि पुढं १८३० च्या दशकात इंग्लंडात बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पणजोबासाठी, तीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. म्हणजे कॉम्प्युटर आत्ता मागाकडं येतोय असं नाही, तो मागाकडूनच एक गोष्ट शिकून गेला होता. सोलापुरात जाकार्डची चादर कुणाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळं हे दोन ओळीत बसतं. पण नसेल लिहायचं तर सरळ डेमोपासून सुरू कर, काही बिघडत नाही.

दुसऱ्या वाक्यात ‘सदर’, ‘अन्वेषण’ हे शब्द जड आहेत खरे, पण खरी गडबड शब्दांची नाहीये. त्या वाक्यात कोण काय करतं तेच गायब आहे. ‘करण्यात येऊन’, ‘केली जाते’, अगं पण कोण करतं? मोबाईलवाल्या एआयलाही ते माहीत नव्हतं, तो डेमोला कुठं आला होता, म्हणून त्यानं नुसते शब्द बदलून दिले. तू होतीस ना तिथं? मग जे दिसलं ते ओळीनं सांग. असं काहीतरी :

‘कापड रोलरवरून सरकत असताना वरचा कॅमेरा त्याचे एकामागून एक फोटो घेतो. कॉम्प्युटर ते फोटो तपासतो आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग किंवा भोक दिसलं की ती जागा नोंदवतो. माल बाजूला काढायचा की नाही, हे चेकर ठरवतो.’

एकाची तीन वाक्यं झाली, होऊ देत. शेवटचं वाक्य मी अंदाजानं घातलंय हं, तुमच्या डेमोत मशीनच ठरवत असेल तर तसं लिही. पण बघ, साधं लिहायला बसलं की हा प्रश्न आपोआप वर आला. ‘गुणवत्तेची सुनिश्चिती’च्या खाली तो झाकला गेला होता.

आता तिसरं, आणि खरा जीव यातच आहे. ९८ टक्के म्हणजे कशाचे? समज १००० टॉवेल आहेत आणि त्यातले २० खराब. एक मशीन डोळे मिटून बसलं आणि म्हणलं सगळे चांगले, तर ते ९८० वेळा बरोबर आलं. झाली की ९८ टक्के अचूकता! एकही खराब टॉवेल न पकडता. आता दुसरं मशीन घे, त्यानं २० पैकी १७ पकडले, ३ सुटले, आणि ४० चांगले टॉवेल उगाच बाजूला काढले. याची अचूकता ९५.७ टक्केच येते, म्हणजे काम करणारं मशीन झोपलेल्यापेक्षा कागदावर कमी ठरलं. म्हणून पार्टनरांना एक आकडा देऊ नको, दोन दे, खराबपैकी किती पकडले आणि चांगल्यातले किती उगाच काढले. हे माझे आकडे नुसते समजावण्यापुरते, तुझे डेमोचे घाल. आणि ‘मोठे दोष’, ‘लक्षणीय दोष’ असं मोघम नको, तुमच्याकडं कापडाचे दोष मोजायची चार पॉइंटची पद्धत चालत असेलच, ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ पॉइंट, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३ आणि त्याच्या वर ४. त्याच मापात लिही, चेकिंगवाले क्षणात समजतील.

मग ‘शून्यावर येतील’. हे तुला कुणी सांगितलं? विकणाऱ्यानं ना? नव्या तंत्रज्ञानाच्या रिपोर्टात तीन तऱ्हेची वाक्यं असतात आणि आपण ती एकाच तोंडानं बोलतो. आपण डोळ्यांनी बघितलं ते ‘पकडलं’. कंपनीनं सांगितलं ते ‘पकडतं असा कंपनीचा दावा आहे’, घरी आपण नुसतं ‘पकडतं म्हणे’ म्हणतो, त्या एका ‘म्हणे’त सगळं आलं. आणि आपला अंदाज असेल तर ‘पकडू शकेल’, त्याच्यापुढं जर-तर जोडून. रिपोर्टातलं प्रत्येक क्रियापद या तिन्हीतलं कुठलं ते पेन्सिलीनं खुण करत जा, तुझं निम्मं पॉलिश तिथंच होईल.

टॉवेलच्या बाबतीत तर हे जास्तच बघायला हवं. साध्या सपाट कापडावर तुटलेला धागा उठून दिसतो, पण टॉवेलला दोन्ही बाजूंनी लूप, प्रत्येक लूपची बारीक सावली, दिव्याचा कोन बदलला की फोटो बदलला. जाकार्डच्या चादरीत तर नक्षी कुठली आणि दोष कुठला हेच मशीनला आधी शिकवावं लागतं. त्यामुळं डेमोला कापड कुठलं होतं, रंग कुठला, रोलर किती वेगात फिरत होता, हे सगळं लिही, ते अनन्यसाधारण महत्त्वाचं आहे (हा शब्द इथं चालेल).

‘फॉल्स पॉझिटिव्ह’ला मराठीत काय म्हणू असं तू पत्राच्या मागं पेनानं लिहिलंयस. कोशात शोधत बसू नको, खाली चेकिंगच्या बायकांना विचार, चांगला माल उगाच बाजूला पडला तर तुम्ही काय म्हणता म्हणून. त्या जे म्हणतील तेच घाल. आणि हो, मालकांना एवढं विचारून घे की डेमोतला तागा तुमच्या कारखान्यातला होता का विकणाऱ्यानं सोबत आणलेला, आणि जे उत्तर येईल ते पहिल्याच पानावर लिही.